समोरचं हिरवं दार

आत्याबाईंनी बेल वाजवली ती धाकटीची.

थोरली आपल्या दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी होती. जिन्यातली चपलांची फटक फटक तिने खालूनच ओळखली होती. चहाचं आधण ठेवलं होतं, पदर नीट केला होता. बेल वाजली तरी लगेच उघडायचं नाही, जरा थांबून उघडायचं, म्हणजे आपण वाट बघत बसलो होतो असं दिसत नाही, इथपर्यंत सगळं ठरलं होतं. आणि बेल वाजली ती समोर. मग समोरचं दार उघडल्याचा आवाज, मग "अगंबाई, काय सुरेख केलंयस गं दार", मग दार मिटल्याचा आवाज. त्यानंतर नुसतं हसणं. तेही बंद दारामागचं, म्हणजे कशाला हसतायत ते कळायचीही सोय नाही.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि दोन्ही घरं एकाच मजल्यावर समोरासमोर. सासूबाई थोरल्याकडे. त्यामुळे कुणीही आलं की आधी थोरलीकडे टेकायचं, चहा घ्यायचा, आणि निघताना धाकटीकडे डोकावून जायचं, हा क्रम लग्न होऊन धाकटी आल्यापासून चालत आला होता. तो कुणी ठरवला नव्हता आणि आजवर कुणी मोडलाही नव्हता. मग धाकटीने दार रंगवून घेतलं.

धाकटी पार्लर चालवायची. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जेवढी मेहनत घ्यायची तेवढीच तिने दारावर घेतली. आधी घासून सगळं जुनं काढलं, मग रंगाचा खालचा हात, मग वरचा. गर्द हिरवा रंग, पितळी मूठ, वर एक छोटा दिवा, बाजूला चपला आत ठेवायचा लाकडी बाक आणि त्या बाकावर एक कुंडी. समोर थोरलीचं दार होतं. ते एकेकाळी चॉकलेटी होतं. आता त्याचे पापुद्रे निघत होते आणि नावाच्या पाटीवरचं आडनावातलं मधलंच अक्षर गळून पडल्यामुळे नवा पोस्टमन त्यांना भलत्याच घराण्यातले समजायचा. थोरलीचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. जगाच्या चुका दिवसभर दुरुस्त करून तो संध्याकाळी त्याच पाटीखालून घरात शिरायचा, आणि एवढ्या वर्षांत त्याला ती चूक दिसली नव्हती.

आत्याबाई अखेर इकडे आल्या तेव्हा तिकडचा चहा पिऊन आल्या होत्या. "मला अर्धाच कप दे गं," म्हणाल्या. तो अर्धा कप थोरलीला फार लागला. ती सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. तिथे पोट दुखो नाहीतर पाय मोडो, माणसाला आधी तिच्यापुढेच उभं राहावं लागे. घरी मात्र तिचा नंबर आता दुसरा लागत होता.

त्यात सासूबाईसुद्धा संध्याकाळच्या धाकटीच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. तिथे वारा येतो म्हणे.

"वारा काय दाराचा रंग बघून येतो का हो?" थोरलीने नवऱ्याला विचारलं.

"आपलं दार उघडतं, बंद होतं," तो म्हणाला. "आणखी काय करायचंय दाराने?"

अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. येत्या रविवारी सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि सगळं गोत जेवायला थोरलीकडे यायचं होतं. त्याच्या आत आपलं दार समोरच्या दाराचं नाक खाली करील असं झालं पाहिजे, हे तिने मनाशी पक्कं केलं. हात जरा आखडता होता, तेव्हा रंगारी बोलवायचा नाही, सगळं घरच्या घरी करायचं, असंही ठरलं. धाकटीला मात्र यातलं काही विचारायचं नव्हतं. पण धाकटीच्या कानावर ते कसं कोण जाणे गेलंच. ती आपणहून आली आणि म्हणाली, "ताई, माझ्याकडे रंग उरलाय बघा थोडा. हवा तर घ्या."

"नको गं, तुलाच लागेल," थोरली गोड हसून म्हणाली. उरलेला रंग. हा शब्द पुढे दिवसभर तिच्या डोक्यात खडा होऊन खुळखुळत राहिला. उरलेला रंग लावायचा, म्हणजे समोरच्या दाराचं उतरलेलं लुगडं नेसल्यासारखंच की.

म्हणून ती रंगाच्या दुकानात गेली आणि तिथे एका गिऱ्हाइकाने खास बनवून घेतलेला आणि मग न्यायलाच न आलेला डबा स्वस्तात घेऊन आली. ते गिऱ्हाईक का आलं नाही, हे तिने विचारलं नाही. झाकणावरचा ठिपका डाळिंबी दिसत होता. डाळिंबी दार कुणाकडेच नव्हतं. डब्यावरच्या सूचना वाचायचं काम तिने नवऱ्याकडे दिलं, कारण वाचणं हाच त्याचा धंदा. त्याने त्या काळजीपूर्वक वाचल्या आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत असं सांगितलं. नवा रंग सुकायला चार दिवस लागतात, हेही त्यात लिहिलेलं होतं. पण ते शुद्ध लिहिलेलं असल्यामुळे त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी थोरलीने कंबर कसली. आधी तिने सोडा घातलेल्या गरम पाण्याने दार धुतलं. एका बादलीत मळ निघेना तेव्हा आणखी बादल्या ओतल्या. दार प्लायवूडचं होतं, ते मुकाट्याने पाणी पीत राहिलं. मग रंग. डबा एक, आणि रंगवायचं दार, चौकट आणि चपलांची मांडणी. तेव्हा तिने त्यात टर्पेंटाईन ओतून तो चांगला वाढवला, पाहुणे वाढले की रस्सा वाढवतात तसा. रंगवून झाल्यावर ती चार पायऱ्या उतरून खाली गेली आणि तिथून वर बघितलं. झाकणावरचा डाळिंबी रंग एवढ्या मोठ्या अंगावर पसरल्यावर डाळिंबी राहिला नव्हता. तो आगीच्या बंबाचा लाल झाला होता.

"उठून दिसतंय," नवरा म्हणाला.

धाकटीने दार उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो ताई. एकदम वेगळं." एवढं बोलून ती आत गेली. ते "एकदम वेगळं" तिने कोणत्या अर्थाने म्हटलं, यावर थोरली रात्रभर विचार करत राहिली. शेवटी धाकटी जळली, असा निकाल लागला तेव्हा कुठे तिला झोप आली.

शनिवारी दार सुकलं नव्हतं. नवऱ्याचा कोपर त्याला चिकटला, सासूबाईंच्या शालीची लोकर चिकटली, माश्या चिकटल्या. पेपरवाल्याने नेहमीप्रमाणे पेपर फेकला तो दारावर आपटून तिथेच बसला, आणि सोडवून घेतल्यावर अग्रलेखाचा अर्धा भाग दारावर उलटा उमटला. छापखान्यातल्या माणसाला उलटी अक्षरं वाचायची सवय असते. नवऱ्याने तो उभ्याउभ्या वाचला आणि एका जागी अनुस्वार राहिल्याचं दाखवून दिलं. थोरलीने त्या जागेवर पुन्हा एक हात मारला. मिटलं तर चिकटेल म्हणून दार दिवसभर खुर्ची लावून उघडं ठेवलं आणि रात्री त्या खुर्चीशेजारी नवऱ्याला झोपवलं.

रविवारी मात्र सगळं मनासारखं जमून येत होतं. पहाटेपासून उभं राहून थोरलीने स्वयंपाक केला. दाराला नवी मूठ बसवली. ती पितळी नव्हती, पण पितळी दिसत होती. दोघे भाऊ केक आणायला गेले. सासूबाई समोर धाकटीकडे केस बसवून घेत होत्या. हे थोरलीला आवडलं नव्हतं, पण वाढदिवसाच्या माणसाला किती बोलणार. दारापुढची खुर्ची पाहुण्यांना लागेल म्हणून तिने ती उचलून आत नेली. तेवढ्यात गॅलरीतून वाऱ्याचा एक झोत आला, हॉल ओलांडून गेला आणि दार धाडकन लागलं.

तिने जाऊन मूठ ओढली. मूठ हातात आली.

दार पाणी पिऊन फुगलं होतं, चौकट रंगाने ओली होती, आणि दोघांनी एकमेकांना असं काही धरलं होतं की मधून कागद सरकला नसता. थोरलीने फटीत उलथनं घालून पाहिलं. ते वाकलं. मग जिन्यात पावलं वाजायला लागली.

आत्याबाई, त्यांचे यजमान, मावससासरे, दोन नणंदा आणि त्यांची बिऱ्हाडं, सगळी मंडळी लाल दारापुढे जमली. बेल वाजली. या वेळी ती थोरलीचीच वाजली, पण तिला त्याचं सुख घेता आलं नाही. दार अडकलंय, असं तिने आतून सांगितलं. तेव्हा ढकलू या, असं बाहेर ठरलं. दार आत उघडणारं होतं, चारचौघांनी खांदा दिला असता तर कदाचित उघडलंही असतं. पण थोरली आतून कळवळून म्हणाली, "अहो, ढकला, पण हात लावू नका. रंग ओला आहे."

हात न लावता दार कसं ढकलतात, यावर बाहेर बरीच चर्चा झाली. तोवर भाऊ केक घेऊन आले. धाकट्याला ही सूचना कुणी सांगितली नाही. त्याने केक आत्याबाईंच्या हातात दिला, जिन्याच्या कठड्यापासून धावत येऊन दारावर खांदा मारला आणि तो तिथेच राहिला. दार हललं नाही. त्याला दोघांनी ओढून काढला तेव्हा नव्या पांढऱ्या सदऱ्याची अर्धी बाही लाल झाली होती, आणि दारावर त्याच्या दंडाची आकृती उमटली होती, बटणासकट.

"सुताराला बोलवायला हवं," थोरलीचा नवरा म्हणाला. सुताराला फोन केला. येतो म्हणाला. सुतार येतो म्हणाला म्हणजे काय, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आता प्रश्न जेवणाचा होता. माणसं बाहेर, जेवण आत. धाकटीने पुढे होऊन सगळ्यांना आपल्याकडे बसायला सांगितलं, मी भात टाकते पटकन, असं म्हणाली. ते शब्द दारातून आत गेले आणि थोरलीच्या काळजाला जाऊन भिडले. सासूबाईंचा पंचाहत्तरावा, आणि जेवण धाकटीचं. थोरलीच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडत होती. तिला उभे गज होते. तिने खिडकीच्या दोन्ही झडपा खाडकन उघडल्या, गजांमधून डाव बाहेर काढला आणि म्हणाली, "भात टाकायचं काही काम नाही. ताटं घेऊन इकडे या."

पातेलं गजातून जात नव्हतं, पण डाव जात होता. धाकटीकडची ताटं निघाली. एकेकाने खिडकीशी ताट धरायचं, थोरलीने आतून वाढायचं, आणि पुढे सरकायचं. पहिल्या दोघा-तिघांत गोंधळ झाला, मग थोरलीचा कामावरचा आवाज लागला. रांग सरळ करा, म्हातारी माणसं आधी, मधे कुणी घुसू नका. एका नणंदेच्या यजमानांना तिने "वय?" असंही विचारलं, आणि त्यांनी सांगितलं. माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर जेवायला बसली. वरच्या मजल्यावरचं जोडपं खाली उतरत होतं, त्यांना वाटच मिळेना, तेव्हा त्यांच्याही हातात ताटं आली. भाजी संपत आली की लोक परत रांगेत उभे राहत. सासूबाईंनी धाकटीच्या बाकावर बसून केक कापला आणि पहिला तुकडा गजातून थोरलीला भरवला. असा वाढदिवस आपण आयुष्यात पाहिला नाही, असं आत्याबाई म्हणाल्या. त्या बोलताना दाराला टेकल्या होत्या. निघताना त्यांच्या पाठीकडे कुणीच बघितलं नाही असं दाखवलं.

दिवस मावळताना सुतार आला. त्याने दार ठोकलं, कापलं, शेवटी बिजागऱ्या काढून आख्खं दारच उचललं आणि वाळवून, रंधा मारून आणतो म्हणून घेऊन गेला. थोरलीने चौकटीला एक जुना पडदा लावला.

आणि पडद्याला बेल नसते. जिन्याने वर जाणारा माणूस आधी नुसता थांबायचा. "दाराचं काय झालं हो?" असं विचारायचा, मग सांगता सांगता आत यायचा, मग बसायचा. वरचं जोडपं कामावरून येताना रोज टेकायला लागलं. खालचे पेन्शनर आपला पेपर घेऊन इथे वाचायला यायचे. आत्याबाई एका आठवड्यात दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा पूर्ण कप प्यायल्या. सासूबाई समोरचा बाक विसरल्या. समोरचं हिरवं दार मिटलेलं असायचं, आणि त्याच्याकडे आता कुणी मान वळवूनही बघत नव्हतं. पहिले काही दिवस थोरली हे सगळं पाहून इतकी खूश होती की चहाची पावडर संपल्याचंही तिला वाईट वाटलं नाही. शेवटी शेवटी तर धाकटीही पार्लर बंद करून थेट इकडेच यायची.

पण सुतार काही दार आणीना. आज उद्या, आज उद्या चाललं होतं. आणि थोरलीच्या हळूहळू लक्षात आलं की बिनदाराच्या घरात घडीभर आडवं होता येत नाही. एकटीने एखादं संत्रं सोलून खाता येत नाही. नवऱ्याशी भांडता येत नाही. एकदा तिने कुजबुजत भांडून पाहिलं, तर पडद्याबाहेरून जाणारे वरचे गृहस्थ आत आले आणि नवऱ्याची बाजू घेऊन बसले. समोरचं दार मात्र हवं तेव्हा मिटत होतं. आवाज न करता, हलकेच. थोरली पडद्याच्या फटीतून ते मिटताना बघायची आणि तिचा जीव जळायचा. मूठ, दिवा, बाक यांचं तिला आता काही वाटत नव्हतं. त्या बाईला आपलं दार लावून घेता येतं, एवढंच तिला सहन होत नव्हतं.

एका संध्याकाळी घर भरलेलं असताना तिने धाकटीला बाजूला घेतलं. "तुझी किल्ली दे गं जरा. डोकं दुखतंय, पडते तुझ्याकडे."

धाकटीने किल्ली दिली. थोरली समोर गेली, हिरवं दार लावलं, आतून कडी घातली आणि कोचावर पाय पसरून पडली. किती शांत होतं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आता इथून उद्या सकाळपर्यंत उठायचं नाही, असं तिने ठरवलं.

तेवढ्यात कुठूनतरी मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

आधी तिने कूस बदलली. पुन्हा हसणं आलं, आधीपेक्षा मोठं. कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीचे हसून लोळत होते. एवढी कुठे मजा चाललीय, आपल्याला कसं कुणी बोलवत नाही, असं वाटून ती उठून बसली आणि दाराला कान लावला. सांगणारा तिचा नवरा होता. हा माणूस घरात दहा शब्द सलग बोलत नाही, आणि तिथे लोकांना हसवतोय. मग धाकटीचा आवाज आला, "आणखी चहा कोणाकोणाला?" थोरलीच्या स्वयंपाकघरातून, थोरलीच्या कपांतून. अंगाचा असा तिळपापड समोरचं दार रंगलं तेव्हाही झाला नव्हता.

ती कडी काढून तरातरा निघाली आणि पडदा सारून आपल्या घरात शिरली. बसायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरच्या बाई जरा सरकून म्हणाल्या, "या ना, या. संकोच करू नका." धाकटीने तिच्या हातात कप दिला आणि साखर बरोबर आहे ना विचारलं. थोरली चपलांच्या मांडणीवर टेकली. तिच्या खिडकीजवळच्या खुर्चीत एक माणूस पाय लांब करून चहा पीत होता. तो सुतार होता.

"ताई, तुमचीच वाट बघत होतो," तो म्हणाला. "दार तयार आहे. उद्या सकाळी आणून लावतो."

पेन्शनरांनी पेपर खाली घेतला. आत्याबाईंनी, हो, त्याही होत्याच, कप बशीत ठेवला. थोरलीला वाटलं, सुटले. हो म्हणायला तिने तोंड उघडलं, इतक्यात धाकटी सुताराकडे झुकली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मग तसंच उद्या माझंही दार काढून न्या ना. हल्ली फार चिकटतं हो ते."

पण थोरलीच्या कानाने ते टिपलं, आणि चिकटणारं दार कसं असतं हे तिला चांगलं माहीत होतं. ते दार ती आताच लावून, कडी घालून आणि उघडून आली होती. ते लोण्यासारखं चालत होतं.

तिने चहाचा एक घोट घेतला.

"मी काय म्हणते," ती सुताराला म्हणाली, "आमच्या दाराची एवढी घाई नाही. बाकीच्यांची कामं उरका आधी, वेळ लागला तरी चालेल. फक्त हिचं नका हो काढू, चांगलं दार आहे, उगाच खराब होईल. आणि आता उठा बघू तिथून. ती माझी खुर्ची आहे."